फोटो बघून ‘नाद खुळा’च्या पुढं काय बोलायचं?

मागच्या वेळी मी वाचकांना म्हटलं होतं की रस्त्यावरचे आणि माणसांचे फोटो पाठवा, सोबत प्रश्न पण पाठवा. फोटो भरपूर आले, पण कॅमेरा कुठला घेऊ, लेन्स कुठली घेऊ असले प्रश्न यावेळी कमीच. जास्त करून लोकांनी हेच विचारलंय की दुसऱ्याच्या फोटोवर बोलायचं कसं, आणि आपल्या फोटोवर कुणी बोललं तर त्याचं करायचं काय. मला हे फार महत्त्वाचं वाटतं म्हणून यावेळी सगळी जागा त्यालाच दिलीये. ज्यांच्या फोटोंबद्दल लिहिलंय त्यांना आधी विचारलंय, नावं मुद्दाम टाकली नाहीत.

प्रश्न: मी कॉलेजला आहे, कोल्हापुरात रंकाळ्याजवळ राहते. आमचा चाळीसेक जणांचा फोटोचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रविवारी पहाटे सगळे बिंदू चौक, भवानी मंडप, पंचगंगा घाट असं फिरतात आणि संध्याकाळी फोटो टाकतात. काहीही टाकलं तरी ‘नाद खुळा’, ‘जगात भारी’, नाहीतर नुसता अंगठा. मागच्या आठवड्यात मी आज्जीचा फोटो टाकला, खिडकीपाशी बसून ती तांदूळ निवडतीये. एका दादांनी लिहिलं, ‘बॅकग्राउंड डिस्टर्बिंग आहे, मजा नाही आली.’ दोन दिवस वाईट वाटलं आणि खरं सांगायचं तर त्यातनं नेमकं काय सुधारायचं ते कळलंच नाही. मलाही दुसऱ्यांच्या फोटोवर नीट लिहायचंय पण आता भीती वाटते. कसं लिहू?

तुमचा फोटो मी आधी फोनवर बघितला आणि मग चार बाय सहाची प्रिंट काढून टेबलावर ठेवून बघितला, कारण फोनवर आपण लगेच दोन बोटांनी झूम करतो आणि मग फोटो बघायचा राहून जातो, तुकडे बघतो. प्रिंट हातात घेतल्यावर माझी पहिली नजर आज्जीच्या हातावर गेली नाही. ती गेली डोक्यामागच्या कॅलेंडरवर, लाल आकड्यांवर, तिथनं खिडकीच्या पांढऱ्या चौकोनावर आणि मग कुठं आज्जीच्या चेहऱ्यावर आली. सुपापर्यंत पोचायला मला मुद्दाम खाली बघावं लागलं. डोळ्याची ही सवयच आहे, तो आधी उजेडाकडं जातो, भडक रंगाकडं जातो आणि अक्षरं दिसली की वाचल्याशिवाय त्याला राहवत नाही.

आता तुमच्या दादांचं वाक्य परत वाचा. त्यांना जे खटकलं ते हेच होतं, ते चुकीचं बोलले नाहीत, पण अर्धवट बोलले. बॅकग्राउंडमधलं काय डिस्टर्ब करतंय, ते कुठं आहे आणि तुम्ही काय केलं असतं तर गेलं असतं, हे तीन तुकडे त्यांनी गिळले आणि वर ‘मजा नाही आली’ हे तेवढं ठेवलं. तुम्हाला लागलं ते त्या शेवटच्या तुकड्यामुळं.

मी सांगतो काय करता आलं असतं. खिडकीचा उजेड डाव्या बाजूनं येतोय आणि सुपातल्या तांदळावर फार सुंदर पडलाय, एकेक दाणा सुटा दिसतोय, आज्जीच्या बोटांच्या पेरांवर पण तोच उजेड आहे. हा तुमच्या फोटोचा जीव आहे आणि तो तुम्ही बरोबर बघितलाय, नाहीतर त्या क्षणी तुम्ही बटण दाबलंच नसतं. फक्त तुम्ही उभं राहून काढलाय. गुडघ्यावर बसून, दोन पावलं खिडकीच्या बाजूला सरकून काढला असता तर कॅलेंडर आज्जीच्या डोक्यामागं लपलं असतं, खिडकी फ्रेमच्या बाहेर गेली असती आणि सूप जवळ आलं असतं. फोनवर तांदळावर बोट ठेवून ते सूर्याचं चिन्ह थोडं खाली ओढलं असतं तर दाणे अजून उठले असते. आज्जी आहे, घर आहे, तांदूळ परत निवडायचेच आहेत, तेव्हा उद्या सकाळी त्याच वेळेला परत काढा आणि मला पाठवा.

बघा, ही एवढीच टीका असते. जे दिसलं ते सांगायचं, कुठं दिसलं ते सांगायचं, आणि पुढच्या वेळी त्या माणसाला पायानं किंवा हातानं करता येईल असं एक काहीतरी सांगायचं. एकच. आपल्याकडं तालमी आहेत, मोतीबाग म्हणा गंगावेस म्हणा, कधी सकाळी जाऊन बघा वस्ताद कसं शिकवतात. पोरगं चीत झालं तर ‘वाईट खेळलास’ म्हणून वस्ताद तिथंच सोडून देत नाहीत, परत धरायला लावतात, आणि पाय कुठं होता तो कुठं पाहिजे ते स्वतः वाकून हातानं सरकवून दाखवतात. आणि एका दिवसात दहा डाव दुरुस्त करत नाहीत, त्या दिवशी तो एक पाय.

मला स्वतःला हे उशिरा मिळालं. विशी-बाविशीत मी तीस-पस्तीस प्रिंट घेऊन गावातल्या एका नावाजलेल्या फोटोग्राफरकडं गेलो होतो. त्यांनी पत्ते पिसल्यासारख्या मिनिटाभरात सगळ्या बघितल्या आणि ‘रोल वाया घालवलास’ म्हणाले. सहा-सात महिने मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग एका जुन्या स्टुडिओवाल्या आजोबांकडं कशाला तरी गेलो, त्यांनी स्वतःहून पिशवीत काय आहे विचारलं. एक प्रिंट घेतली, बराच वेळ काहीच बोलले नाहीत, आणि मग नुसता पंजा प्रिंटच्या डाव्या बाजूवर ठेवला आणि म्हणाले, ‘आता बघ.’ डावी बाजू झाकल्यावर फोटो एकदम उभा राहिला. मग पंजा काढला, परत ठेवला. मला जे कळायचं ते कळलं. तो पंजा मी आजपर्यंत वापरतोय, तुम्ही पण वापरा, कुणाचाही फोटो असू दे, एकेक बाजू झाकून बघायची. झाकल्यावर फोटो सुधारला तर ती बाजू नको होती, आणि झाकल्यावर फोटो मेला तर जीव तिथं आहे.

दुसरी एक सवय चित्रकारांकडनं घ्या, आपल्या गावात त्यांची कमी नाही. आबालाल रहिमान यांनी कोटितीर्थ, रंकाळा रंगवलं, बाबूराव पेंटर चित्रं काढता काढता सिनेमात गेले आणि कॅमेरा सुद्धा त्यांनी इथंच बनवला, अशा गावात आपण फोटो काढतोय. चित्रकार चित्रासमोर उभा राहिला की डोळे बारीक करतो. डोळे बारीक केले की बारकावे जातात आणि नुसते काळे-पांढरे पुंजके उरतात. आज्जीच्या फोटोकडं तसं बघा, खिडकी सगळ्यात मोठा पांढरा पुंजका दिसेल, आणि मग कुणी सांगायची गरजच नाही.

ग्रुपवर लिहायला चार ओळी पुरतात. आधी अर्धा मिनिट गप्प बघा. शक्य असेल तर विचारा की तुला यात काय दाखवायचं होतं, कारण तुम्हाला खिडकीच दाखवायची असेल तर माझं वरचं सगळं बोलणं बदलतं. ‘कंपोझिशन वीक आहे’ असं लिहू नका, त्यातनं कुणालाच काही मिळत नाही. ‘माझी नजर आधी कॅलेंडरवर गेली’ असं लिहा. ते तुमच्या नजरेबद्दलचं वाक्य आहे, त्यावर भांडण होत नाही. आणि चांगलं म्हणताना पण तसंच नेमकं म्हणा, ‘नाद खुळा’ म्हणा की, आपलाच शब्द आहे, पण पुढं ‘बोटांवरच्या उजेडासाठी’ एवढं जोडा.

प्रश्न: गंगावेशीत दूध कट्ट्यावर संध्याकाळी काढलेला फोटो पाठवतोय. एक काका धारोष्ण दुधाचा ग्लास तोंडाला लावतायत, मागं म्हैस, बाजूला धार काढणारा. दूध पांढरं फटक आलंय, काका हललेत, आणि खालच्या कोपऱ्यात कुणाची तरी चप्पल आलीये. एक मित्र म्हणतो क्रॉप कर, म्हणजे कडा काप, दुसरा म्हणतो स्ट्रीट फोटोग्राफीत क्रॉप चालतच नाही. कुणाचं ऐकू?

क्रॉपचं आधी मिटवूया. क्रॉप करायचा नाही म्हणणारे लोक ज्यांचा दाखला देतात ते फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ, त्यांचाच १९३२ सालचा पॅरिसचा फोटो, सां-लाझार स्टेशनच्या मागं साचलेल्या पाण्यावरनं उडी टाकणारा माणूस, तो क्रॉप केलेला आहे. कुंपणाच्या फळ्यांच्या फटीतनं काढावा लागला होता, बाजूला फळी आली होती, ती कापली. त्यामुळं क्रॉप हे पाप नाही. पण तुमच्या फोटोत मी करणार नाही, कारण चप्पल कापायला गेलात की धार काढणाऱ्याचा हात पण जातो, आणि पंजा ठेवून बघितलं तर तो हात गेल्यावर नुसता एक माणूस काहीतरी पितोय एवढंच उरतंय. तो हात आहे म्हणून तो दूध कट्टा आहे. चप्पल राहू दे, ती रस्त्यावरचीच आहे. फार तर तेवढी थोडी गडद करा.

आता ‘हललाय’ म्हणजे काय ते बघा, हे टीका करणाऱ्यांनी पण नीट बघायला पाहिजे. सगळा फोटो हलला असेल तर तुमचा हात हललाय. तुमच्या फोटोत मागची भिंत कडक आलीये, म्हशीची शिंगं कडक आलीयेत, फक्त काकाच हललेत, म्हणजे तुमचा हात स्थिर होता आणि शटरचा वेग कमी पडला. दोन्हीचं औषध वेगळं आहे, आणि नुसतं ‘शेक झालाय’ म्हटलं तर तुम्ही उद्या ट्रायपॉड घेऊन कट्ट्यावर जाल आणि काका परत हललेलेच येतील. फाईलच्या डिटेल्समध्ये शटर १/३०, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग उघडं, आणि आयएसओ, म्हणजे उजेड टिपायची संवेदनक्षमता, ८०० दिसतंय. शटर १/१२५ करा, त्यासाठी आयएसओ ३२०० लागेल, फोटोवर थोडे बारीक दाणे दिसतील, दिसू देत, हललेल्या चेहऱ्यापेक्षा दाणेदार चेहरा कधीही बरा. चालणारी माणसं असतील तर १/२५० च्या खाली जाऊ नका.

आणि दूध का फटक आलं? म्हशीमुळं. कॅमेऱ्याचं मीटर समोर जे असेल ते मधल्या राखाडी रंगाचं आहे असं धरून चालतं. तुमच्या फ्रेममध्ये अर्ध्याहून जास्त काळीभोर म्हैस, मीटरला वाटलं अंधार आहे, त्यानं सगळंच उजळवलं आणि दुधाचा फेस जळून गेला. कॅमेऱ्यावर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन, म्हणजे उजेड मुद्दाम कमी-जास्त करायची सोय, उणे एक करा, फोनवर ग्लासावर बोट ठेवून उजेड खाली ओढा. म्हैस काळी दिसली तर बिघडत नाही, ती काळीच आहे, फेस मात्र दिसलाच पाहिजे. पांढऱ्या शर्टातल्या माणसाला चुन्याच्या भिंतीपुढं उभं केलं की नेमकं उलटं होतं, सगळं मळकट येतं, तिथं अधिक एक करायचं.

क्षण मात्र तुम्ही बरोबर पकडलाय. ग्लास तोंडाला लागलाय आणि डोळे मिटलेत, ते अर्धा सेकंद आधी नव्हतं आणि नंतरही राहिलं नसतं. म्हणूनच परत जा म्हणतोय.

प्रश्न: फोटो मनासारखा आला नाही की मी ब्लॅक अँड व्हाइट करतो, मग बरा वाटतो. हे चुकतंय का?

रंग काढल्यावर गोंधळ कमी होतो म्हणून बरा वाटतो. रंगच त्रास देत असेल तर जरूर काढा. पण फोकस चुकला असेल, उजेडच नसेल, तर ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पण तो चुकलेलाच राहतो, फक्त जुना दिसतो. कुणी तुम्हाला असा फोटो दाखवला तर रंगीत मूळ फाईल मागा आणि दोन्ही शेजारी ठेवून बोला.

प्रश्न: राजारामपुरीत राहतो, नवीन कॅमेरा आणि ५० एमएम एफ १.८ लेन्स घेतलीये. मित्राचा पोर्ट्रेट काढला, ग्रुपवर सगळे म्हणाले बोके (मागचं धूसर) कडक. पण मला कुठंतरी खटकतंय. शिवाय मित्राची आई म्हणतात त्याला थोडा गोरा करून दे.

खटकतंय ते बरोबर खटकतंय. कॅमेऱ्याकडं जो डोळा जवळ आहे तो मऊ आहे, आणि कानापाशी केस कडक आलेत. तुमच्या कॅमेऱ्याचा सेन्सर लहान, त्यावर ५० ची लेन्स एफ १.८ ला ठेवून एक मीटरवरनं काढलं तर फोकसमध्ये जेमतेम तीन सेंटीमीटर मिळतात. तीन सेंटीमीटर म्हणजे डोळ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत पण होत नाही, मित्र बोलता बोलता थोडा पुढं झुकला की डोळा गेला. एफ ४ करा, म्हणजे लेन्सचं भोक लहान करा, आणि अर्धा मीटर मागं सरका, साधारण चौदा सेंटीमीटर मिळतील, अख्खा चेहरा बसतो. मागचं धूसर थोडं कमी होईल, त्याची काळजी करू नका, मित्राला भिंतीपासून लांब उभा करा, धूसर परत येईल. मागं सरकण्याचा दुसरा फायदा म्हणजे नाक मोठं दिसायचं थांबतं. नाक लेन्समुळं मोठं दिसत नाही, जवळ गेल्यामुळं दिसतं, फोनवर चेहऱ्याला अगदी चिकटून काढलेल्या फोटोत पण तेच होतं. आणि ग्रुपमध्ये बोक्याचं कौतुक झालं तेव्हा चेहऱ्याबद्दल कुणी काहीच बोललं नाही हे तुमच्या लक्षात आलं का? पोर्ट्रेटवर बोलताना पहिलं वाक्य माणसाबद्दल यायला पाहिजे.

गोरं करायचं मी करत नाही, आणि तुम्हीही करू नका असं मनापासून सांगतो. सावळ्या चेहऱ्यावर गालाच्या हाडावर, कपाळावर उजेडाची जी चमक येते तीच त्या चेहऱ्याचा घाट दाखवते. गोरा करायला सगळाच चेहरा उजळवला की ती चमक आणि बाकीचा गाल एक होतो आणि चेहरा सपाट पडतो, त्यावर ब्यूटी मोड लावला की कातडी मेणासारखी. मित्राच्या आईंना नाही म्हणायला अवघड जातंय हे मला कळतं. त्यांना म्हणा, काकू, तो आहे तसाच छान दिसतोय, आणि त्याला सकाळी नऊच्या आत किंवा ऊन उतरल्यावर दारात, उजेडाकडं तोंड करून उभा करा, मागं घरातला अंधार येऊ द्या. डोळ्यात उजेडाचा ठिपका येतो, चेहरा आपोआप उजळ दिसतो, रंग बदलावा लागत नाही. काकूंना तो फोटो आवडेल, मला बऱ्याच घरातला अनुभव आहे.

प्रश्न: देवळाच्या परिसरात भीक मागायला बसणाऱ्या एका म्हातारीचा क्लोजअप मी टाकला, सुरकुत्या जबरदस्त आल्या होत्या, सगळ्यांनी वाहवा केली. एका ताईंनी लिहिलं, ‘असले फोटो टाकत जाऊ नका.’ त्यावरनं भांडण पेटलं. ही फोटोवरची टीका झाली का?

झाली. मला वाटतं त्या ताईंनी ग्रुपमधली सगळ्यात गरजेची टीका केली, फक्त कारण सांगितलं नाही, ते मी सांगतो. तुमचा फोटो लांबनं झूम करून आणि उभं राहून वरनं खाली काढलाय. म्हातारी तुमच्याकडं बघत नाही, तिला माहीतच नाही. फ्रेममध्ये पसरलेला हात आणि सुरकुत्या एवढंच आहे, ती कोण, बाजूला काय, पिशवीत काय, काही नाही. म्हणजे तिच्याबद्दल आपल्याला जे आधीच माहीत होतं तेवढंच फोटो सांगतो. सुरकुत्या शार्प येणं हे लेन्सचं काम आहे. अशा फोटोवर बोलताना मी एकच विचारतो, हा फोटो तू तिला दाखवू शकशील का? तुमची मावशी असती तर ग्रुपवर टाकला असता का?

लक्ष्मीपुरीत भाजी विकणाऱ्या एका मावशींचा फोटो मी काढला होता, विचारून काढला होता, मला तो फार आवडला होता. पंधरा दिवसांनी प्रिंट नेऊन दिली. त्यांनी लांब धरून बघितली आणि म्हणाल्या, ‘मला पदर नीट करू द्यायचा होतास की.’ मी परत घरी येऊन बघितला, खरंच पदर खांद्यावरनं घसरलेला होता, आणि मी त्या घसरलेल्या पदराला ‘नॅचरल’ समजत होतो. इतकी नेमकी टीका माझ्या कुठल्या फोटोवर कुणी केलेली नाही. तेव्हापासनं मी फोटो झाल्यावर स्क्रीन वळवून समोरच्याला दाखवतो, आणि नको म्हणाले तर तिथंच डिलीट करतो. लहान पोरं असतील तर आईबापांना आधी विचारायचं, त्यात दुसरा विचार नाही.

तुम्ही परत जा, कॅमेरा पिशवीत ठेवा, शेजारी बसा, नाव विचारा. फोटो निघाला तर निघाला. आणि आधीचा ग्रुपवरनं काढून टाका, ताईंना तसं कळवा.

प्रश्न: ग्रुपमध्ये एक ज्येष्ठ काका आहेत, सगळ्यांना शिकवलंय त्यांनी. ज्योतिबाच्या चैत्र यात्रेतला सासनकाठ्यांचा फोटो त्यांनी टाकलाय, पण सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, एवढं वाढवलंय की गुलालाचा नुसता सपाट गुलाबी पट्टा झालाय. कुणीच बोलत नाही. मी बोलू का?

बोला, पण ग्रुपवर नको, घरी जाऊन किंवा फोनवर. आणि ‘काका, सॅच्युरेशन जास्त झालंय’ असं पण नको. ‘काका, गुलाल उधळल्यावर हवेत त्याचे जे थर दिसतात, जवळचा दाट आणि लांबचा विरळ, ते तुमच्या फोटोत मला दिसेनात, मूळ फाईलमध्ये आहेत का?’ असं विचारा. बहुतेक असतीलच. गुलालात लाल चॅनेल सगळ्यात आधी भरतो, नुसता पांढरा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघितला तर कळत नाही, लाल-हिरवा-निळा वेगळा दाखवणारा लावला तर लाल रेषा उजव्या कडेला चिकटलेली दिसते. काकांना म्हणा लाल आणि मजेंटा तेवढा कमी करून एक्स्पोजर थोडं खाली आणूया, दोन्ही प्रिंट काढूया. मग दोन्ही त्यांच्यापुढं ठेवा आणि तुम्ही गप्प बसा, काका बघतील.

पुढच्या वेळी फोटो पाठवताना प्रत्येकानं खाली दोन ओळी लिहा, तुम्हाला काय दाखवायचं होतं आणि तुम्ही कुठं उभे होतात. मूळ फाईल पाठवा, व्हॉट्सॲपवरनं पाठवलेली बारीक होऊन येते. आणि रंकाळ्याच्या ताई, तांदळाच्या फोटोची मी वाट बघतोय.